अर्ध्या मिलिमीटरहून लहान माशी, आणि तिचे ‘वर्णन करणे’ म्हणजे नेमके काय

पंखदोन

फुलपाखरांच्या धाग्यावर मी सहज लिहून गेलो होतो की, कीटकाची नवी जाती सापडणे वेगळे आणि तिचे वर्णन होणे वेगळे. त्यावर दोघा-तिघांनी विचारले की यात फरक तो काय. जे सापडले ते कसे दिसते हे लिहून काढायला असा कितीसा वेळ लागणार? उत्तर प्रतिसादात मावेना, म्हणून हा स्वतंत्र धागा काढतो आहे. उदाहरणासाठी मुद्दाम अशी माशी निवडली आहे, जी समोर ठेवली तरी बहुतेकांना माशी म्हणून ओळखता येणार नाही.

थायलंडच्या पश्चिमेला, म्यानमारच्या सीमेलगत केंग क्राचान नावाचे त्या देशातील सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील कीटकांच्या नमुन्यांत एक मादी मिळाली, जिची लांबी अवघी ०.४ मिलिमीटर होती. लॉस अँजेलिसच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील कीटकतज्ज्ञ ब्रायन ब्राऊन यांनी २०१२ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिला युरीप्लेटिया नानकनिहाली असे नाव दिले. तोपर्यंत माहीत असलेल्या माश्यांत ती सर्वांत लहान ठरली. घरातली पट्टी काढून मिलिमीटरच्या दोन लगतच्या रेघा पाहा. त्यांच्यामधल्या जागेत अशा दोन माश्या एकीमागे एक बसतील आणि तरीही थोडी जागा उरेल. बारीक रव्याचा एक कण, किंवा पुस्तकातल्या एखाद्या अक्षरावरचा अनुस्वार, एवढाच तिचा जीव. आपल्या ओळखीची घरमाशी तिच्यापेक्षा सुमारे पंधरापट लांब असते.

ही माशी फोरिडी कुळातली. या कुळातल्या माश्यांच्या पाठीला कुबड असते, आणि त्या उडण्यापेक्षा थांबत-थांबत, धावपळ केल्यासारख्या पळतात. कचऱ्याच्या डब्याभोवती किंवा कुजलेल्या कांद्यावर दिसणाऱ्या, ज्यांना आपण सरसकट चिलटे म्हणून हाकलतो, त्यांच्यातही या कुळातल्या काही असतात. आजवर या कुळातल्या चार हजारांहून अधिक जातींचे वर्णन झालेले आहे, आणि त्यांपैकी दीड हजारांहून अधिक एकट्या मेगासेलिया या वंशात आहेत. काही अळंबी खातात, काही मेलेल्या प्राण्यांवर वाढतात, काही मुंग्यांच्या आणि वाळवीच्या वारुळांत पाहुण्यासारख्या राहतात, आणि काहींच्या अळ्या जिवंत मुंगीच्या शरीरात वाढतात. युरीप्लेटिया ही या शेवटच्या प्रकारातली मानली जाते. ‘मानली जाते’ हे शब्द मी जपून वापरले आहेत, कारण नानकनिहालीचे वर्णन सापळ्यातल्या नमुन्यावरून झाले, मुंगीवर बसताना ती दिसली म्हणून नव्हे. या वंशात तिच्याआधी माहीत असलेली जाती एकच, आफ्रिकेतील इक्वेटोरियल गिनीमधली युरीप्लेटिया आयडमानी. ती क्रेमॅटोगॅस्टर वंशातल्या मुंग्यांवर जगते. थोरल्या बहिणीच्या सासरावरून धाकटीचे ताडले, इतकाच तो तर्क आहे. पण वर्गीकरणात असे तर्क नेहमी करावे लागतात आणि ते तर्क म्हणूनच लिहिले जातात.

आता मूळ मुद्दा. जंगलात तंबूसारखा दिसणारा जाळीचा सापळा उभा करतात. तो १९३० च्या दशकात रेने मलेझ या स्वीडिश कीटकतज्ज्ञाने काढला. आपल्या राहत्या तंबूत शिरलेले कीटक वर वर चढत जाऊन छताच्या कोपऱ्यात जमतात, हे पाहून त्याने त्या कोपऱ्यालाच बाटली जोडायचे ठरवले, आणि ब्रह्मदेशातल्या मोहिमेत तसे सापळे वापरले. आजही त्याची रचना तीच आहे. बाटलीत अल्कोहोल असते, आणि आठवड्याभरात त्यात हजारो कीटक जमा होतात. ही बाटली प्रयोगशाळेत येते, तेव्हा त्यात नवी जाती असली तरी ती कोणालाही ‘सापडलेली’ नसते. आधी माश्या, मुंग्या, भुंगे, गांधीलमाश्या असे ढीग वेगळे करतात. मग माश्यांमधून कुळे, आणि कुळांमधून वंश. मी स्वतः तज्ज्ञ नाही. काही वर्षे एका प्रयोगशाळेत असे ढीग वेगळे करण्याचे आणि काचपट्ट्या बनवण्याचे काम केले, तेवढ्या अधिकारात हे लिहितो आहे. पांढऱ्या बशीत अल्कोहोलचा पातळ थर ओतून सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना तळाला धुळीसारखे काही पडलेले दिसते. त्या धुळीला पाय आहेत की नाहीत, हे पाहणे हे पहिले काम. बहुतेक वेळा ती खरोखरच धूळ असते.

पाय दिसले, पंख दिसले, म्हणजे संशय आला. संशयापासून नावापर्यंत जे करावे लागते, त्याला वर्णन म्हणतात.

चौकसबाई

लेख आवडला, पण माझे मन दुसऱ्याच परिच्छेदात त्या नावापाशी अडकून राहिले. थायलंडची माशी, अमेरिकेतले तज्ज्ञ, आणि नाव नानकनिहाली? हे कोणी ठेवले आणि का? दुसरे असे की, २०१२ मध्ये ती सर्वांत लहान ठरली असे आपण लिहिले आहे. आजही तीच आहे का?

षष्ठी_तत्पुरुष

नावाच्या घडणीबद्दल थोडे मी सांगतो, बाकीचे पंखदोन सांगतील. आपल्या कानाला ‘नानकनिहाली’ हे कोल्हापुरी, नागपुरी यांसारखे विशेषण वाटते. पण त्यातला शेवटचा ‘ई’ आपला नाही, तो लॅटिनमधल्या षष्ठीचा प्रत्यय आहे. पुरुषाच्या नावावरून जातीचे नाव ठेवले तर ई (लिहिताना i), स्त्रीच्या नावावरून ठेवले तर लिहिताना a आणि e ही दोन अक्षरे, आणि अनेक पुरुषांच्या किंवा मिश्र समूहाच्या नावाने ठेवले तर ओरुम. म्हणजे नानकनिहाली या शब्दाचा सरळ अर्थ ‘नानक निहाल याची’. आयडमानी म्हणजे ‘आयडमानची’. एकदा ही विभक्ती लक्षात आली की निम्म्या शास्त्रीय नावांचा धाक जातो.

एक शंका मात्र विचारतो. मराठी विश्वकोशात स्पीशीजला ‘जाती’ आणि जीनसला ‘प्रजाती’ म्हटलेले आहे, पण वर्तमानपत्रे सर्रास स्पीशीजला ‘प्रजाती’ म्हणतात. आपण लेखात ‘जाती’ आणि ‘वंश’ असे वापरले आहे. हे ठरवून केले आहे का?

पंखदोन

ठरवूनच केले आहे. ‘प्रजाती’ या शब्दाचे आता असे झाले आहे की विश्वकोश वाचणारा त्याचा एक अर्थ घेतो आणि वर्तमानपत्र वाचणारा दुसरा, त्यामुळे मी तो शब्दच टाळतो. स्पीशीजसाठी ‘जाती’ आणि जीनससाठी ‘वंश’ म्हटले की गोंधळ होत नाही. ‘जाती’ या शब्दाला समाजात चिकटलेल्या अर्थामुळे काहींना तो नकोसा वाटतो हे मला ठाऊक आहे, पण माशीच्या बाबतीत तो प्रश्न येऊ नये.

चौकसबाई, कीटकांची गोडी असलेल्या एका मुलाच्या नावावरून ब्राऊन यांनी हे नाव ठेवले. नाव कोणाचे ठेवावे याला फारशी बंधने नाहीत. लॅटिन लिपीत लिहिलेले हवे, त्याच वंशात आधी वापरलेले नको, आणि स्वतःचे नाव स्वतःच शोधलेल्या जातीला देऊ नये असा एक अलिखित संकेत आहे.

सर्वांत लहान असल्याचा मान मात्र तिच्याकडे सहा वर्षेच राहिला. २०१८ साली ब्राऊन यांनीच ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉन खोऱ्यातून आलेल्या एका मादीचे वर्णन केले, जिची लांबी ०.३९५ मिलिमीटर आहे. तिच्यासाठी नवा वंश करावा लागला, इतकी ती निराळी आहे. पुढचे दोन पाय फुगलेले, दंड काढल्यासारखे, तर मधले आणि मागचे पाय अगदी किरकोळ, आणि पंख म्हणजे नुसते खुंट. म्हणून तिचे नाव मेगाप्रोपोडिफोरा अर्नोल्डी, म्हणजे ‘अर्नोल्डची’. हा अर्नोल्ड म्हणजे शरीरसौष्ठवपटू आणि अभिनेते श्वार्झनेगर. षष्ठी_तत्पुरुष यांची विभक्ती इथेही लागू पडते. त्या फुगीर पायांनी ती मुंगीला किंवा वाळवीला चिकटून राहत असावी आणि आपले पोषण होईल त्या शरीरात शिरायची संधी साधत असावी, असा अंदाज वर्णनात मांडलेला आहे.

टेकडीवरचा

दोन गोष्टी मला पटत नाहीत, त्या स्पष्टच लिहितो, राग नसावा.

पहिली, ०.४ आणि ०.३९५ यांच्यात ०.००५ मिलिमीटरचा फरक आहे, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग. अल्कोहोलमध्ये राहून कीटक थोडेफार आक्रसतात, पोट ताणले किंवा दबले तर लांबी बदलते, मान वाकली असेल तर आणखी बदलते. असे असताना एकीला पहिला आणि दुसरीला दुसरा क्रमांक देणे म्हणजे कुस्तीच्या मैदानात पैलवानांची वजने सोनाराच्या काट्यावर मोजण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जगात त्या जातीची एकच मादी माणसाच्या हाती लागली असेल, तर तेवढ्यावरून नवी जाती जाहीर करणे घाईचे नाही का? एखादे व्यंग असलेले, नीट न वाढलेले कीटक असू शकते. आमच्या गावातल्या एका वासराला पाचवा पाय होता; त्यावरून कोणी गाईची नवी जात काढली नाही.

पंखदोन

राग कसला, हे दोन्ही आक्षेप योग्य जागी आहेत.

लांबीच्या बाबतीत मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. ‘सर्वांत लहान’ हे बातमीचे शीर्षक आहे, वर्णनाचा गाभा नव्हे. अर्नोल्डी ही ०.४ ऐवजी ०.६ मिलिमीटर असती तरी ती नवीच ठरली असती, कारण ती वेगळी ठरते ती पायांमुळे, पंखांमुळे आणि शरीराच्या घडणीमुळे. फोरिड माश्यांच्या वर्णनात एकूण लांबीला फारसे मोल नसते, कारण अळीला खायला कमी मिळाले की त्याच जातीची माशी लहान निपजते. त्यापेक्षा प्रमाणे मोजतात. पंखाच्या पुढच्या काठाने एक जाड शीर जाते. ती पंखाच्या एकूण लांबीच्या किती भागापर्यंत पोचते, हे गुणोत्तर मेगासेलियाच्या प्रत्येक वर्णनात असते. माशी लहान निघाली तर पंखही लहान आणि शीरही लहान, त्यामुळे गुणोत्तर फारसे हलत नाही. त्याशिवाय कपाळावरचे राठ केस किती आणि कोणत्या रांगांत, शृंगिकेच्या फुगीर भागाचा आकार, मागच्या मांडीवरच्या केसांची ठेवण, पोटाच्या वरच्या पट्ट्यांची रुंदी, नराच्या जननेंद्रियाचा आकार, हे सगळे एकेक करून लिहितात आणि जवळच्या जातींशी ताडून पाहतात. त्या ताडण्याच्या परिच्छेदावर खरे तर वर्णन उभे असते. नानकनिहालीच्या वंशात आधी एकच जाती होती, म्हणून तिथे तुलना सोपी होती. मेगासेलियात नवी जाती सांगायची तर दीड हजारांहून अधिक जुन्या वर्णनांना सामोरे जावे लागते. त्यांतली काही शंभर वर्षांपूर्वीची, जर्मन किंवा फ्रेंचमधली, चार ओळींची, चित्राशिवायची.

पाचव्या पायाच्या वासराबद्दल. व्यंग आणि जातीचे लक्षण यांत फरक करण्याची एक खूण अशी की व्यंग सहसा एका बाजूला किंवा एका अवयवात असते आणि बाकीचे शरीर ओळखीचे राहते. पाच पायांचे वासरू बाकी सर्व बाबतींत गाईचेच वासरू असते. अर्नोल्डीमध्ये दोन्ही बाजूंचे पाय, पंख आणि अंगाची घडण एकाच दिशेने बदललेली आहे. तरीही एका नमुन्यावरून वर्णन करावे की नाही याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि माझे मत असे की, वंश ओळखण्याइतका वेगळेपणा असेल तर करावे, किरकोळ फरक असेल तर आणखी नमुने मिळेपर्यंत बाटली कपाटात ठेवावी.

ज्या एका नमुन्यावर नाव टांगलेले असते, त्याला होलोटाइप म्हणतात. तो एखाद्या संग्रहालयात जपून ठेवतात आणि कोणता, कुठे ठेवला, हे वर्णनात लिहावेच लागते. उद्या कोणी म्हणाले की हे व्यंग आहे, तर त्याने तो नमुना मागवून स्वतः पाहावा. तुमचा आक्षेप तपासून पाहता यावा याचीच ती सोय आहे.

चौकसबाई

वर्णन लॅटिनमध्येच लिहावे लागते का? आमच्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी तसे सांगितल्याचे आठवते.

षष्ठी_तत्पुरुष

बाईंनी बरोबरच सांगितले होते, पण ते वनस्पतींसाठी. वनस्पतींच्या नव्या जातींचे वर्णन लॅटिनमध्ये देण्याची सक्ती २०११ च्या अखेरपर्यंत होती, ती त्यानंतर सैल झाली. प्राण्यांसाठी तसे बंधन नाही. फक्त नाव लॅटिन लिपीत हवे.

पंखदोन

बरोबर. प्राण्यांच्या नावांचे नियम वेगळ्या आंतरराष्ट्रीय संहितेत आहेत आणि त्यांची गणना १७५८ पासून, म्हणजे स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून होते. २०१२ पासून केवळ इंटरनेटवर निघणाऱ्या नियतकालिकातले वर्णनही ग्राह्य धरतात, मात्र त्याची आधी झूबँक या नोंदवहीत नोंद व्हावी लागते.

अळंबीवाला

मी पुण्याजवळ बटण अळंबीचे उत्पादन घेतो. हा धागा वाचून हसू आले, कारण फोरिड हा शब्द आमच्याकडे कौतुकाने कोणी उच्चारत नाही. मेगासेलिया वंशातली एक माशी कंपोस्टमध्ये अंडी घालते आणि तिच्या अळ्या अळंबीचे पांढरे तंतूच खाऊन टाकतात. खोलीत बुरशीचा वास सुटला की ती बाहेरून हमखास आत येते. दारांना जाळी लावली तरी ती साधी डासांची जाळी असेल तर उपयोग होत नाही, तिच्या भोकांतून ती आरामात आत शिरते; आम्हांला बारीक विणीची जाळी शोधून आणावी लागली. तेव्हा ०.४ मिलिमीटर हा आकडा वाचून माझ्या मनात पहिला विचार आला तो जाळीचाच.

पंखदोन

अळंबीवाला, तुमच्या जाळीचाच प्रश्न संग्राहकांनाही पडतो. सापळ्याचे कापड जाड विणीचे असेल तर सर्वांत लहान माश्या त्यातून निसटतात, आणि मग त्या तिथे नाहीतच असे आपण समजून बसतो. त्याच वंशातली मेगासेलिया स्केलॅरिस ही जाती तर संशोधकांच्याही मुळावर येते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या दुसऱ्या कीटकांच्या डब्यांत शिरून ती तिथे बिऱ्हाड करते.

पॅसिफिक_किनारा

मी लॉस अँजेलिस परिसरात राहतो. ब्राऊन ज्या संग्रहालयात काम करत होते, त्या संग्रहालयाने काही वर्षांपूर्वी शहरातच, लोकांच्या परसदारी तीस ठिकाणी असे मलेझ सापळे लावले होते. एक सापळा संग्रहालयाच्या स्वतःच्या बागेत होता. याचे मूळ एका पैजेत आहे. संग्रहालयाच्या एका विश्वस्त बाईंच्या परसात नवी जाती शोधून दाखवीन असे ब्राऊन म्हणाले आणि ते पैज जिंकले. पुढे पहिल्या तीन महिन्यांच्या नमुन्यांतून मेगासेलियाच्या ३० नव्या जाती निघाल्या आणि त्यांचे वर्णन २०१५ साली एमिली हार्टोप, ब्राऊन आणि केंब्रिजचे हेन्री डिस्नी यांनी मिळून केले. ज्यांच्या अंगणात सापळे होते, त्यांची नावे त्या जातींना दिली.

जंगलात नवी जाती मिळाली तर आश्चर्य नाही, पण महामार्ग, गवताच्या हिरवळी आणि पोहण्याचे तलाव असलेल्या या शहरात तीन महिन्यांत तीस, हे वाचून मी आमच्या घरामागच्या लिंबाच्या झाडाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

टेकडीवरचा

तीस म्हटल्यावर मला माघार घ्यावीशी वाटते. पण मग प्रश्न असा की, अशा किती शिल्लक असतील?

पंखदोन

शिल्लक किती याचा नेमका आकडा देण्यापेक्षा एका ठिकाणचा हिशेब सांगतो. कोस्टा रिकामध्ये झुर्की येथील ढगांनी वेढलेल्या जंगलात चार हेक्टरांचा एक तुकडा निवडून जगभरातल्या माशीतज्ज्ञांनी तिथल्या माश्या आणि डास वर्षभर गोळा केले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार तिथे ७३ कुळांतल्या ४,३३२ जाती निघाल्या; त्यांपैकी ४०४ एकट्या फोरिडी कुळातल्या होत्या. चार हेक्टर म्हणजे दहा एकर. आपल्याकडे एखाद्या बऱ्यापैकी शेतकऱ्याची जमीन तेवढी असते. त्यातल्या बहुतेक जातींना अजून नावे नाहीत, कारण गोळा करायला एक वर्ष लागले तरी वर्णन करणाऱ्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी आहे. फोरिड माश्यांचे तर जगभरात मोजकेच जाणकार आहेत. त्यामुळे बाटली ते नाव हे अंतर वर्षांत नव्हे, दशकांत मोजावे लागते, आणि म्हणूनच मी सापडणे आणि वर्णन होणे या दोन वेगळ्या गोष्टी मानतो.

ओंबील

मी सिंधुदुर्गातला. माझे सभासदनाव लाल मुंग्यांवरून घेतले आहे, त्यामुळे मुंग्यांचा विषय निघाल्यावर गप्प बसवत नाही. आपण लिहिलेल्या क्रेमॅटोगॅस्टर मुंग्या आमच्याकडे पुष्कळ आहेत. झाडाच्या फांदीला चिकटलेले, वाळलेल्या शेणाच्या गोळ्यासारखे काळपट, कागदी पापुद्र्यांचे घरटे असते ते यांचे. डिवचले की त्या बदामाच्या आकाराचे पोट पाठीवरून पुढे वळवून उभ्या राहतात. तांबूस सुतार पक्षी याच चालू घरट्यात भोक पाडून स्वतःची अंडी घालतो आणि मुंग्या ते चालवून घेतात, हे मी स्वतः पाहिलेले आहे.

प्रश्न असा, की मुंगीच एवढीशी, तर तिच्या आत अळी वाढणार तरी कुठे?

पंखदोन

ओंबील, अळी वाढते ती मुंगीच्या डोक्यात.

अमेरिकेत दक्षिणेकडच्या राज्यांत पसरलेल्या आगमुंग्यांवर उपाय म्हणून दक्षिण अमेरिकेतून सुडॅक्टिऑन वंशातल्या फोरिड माश्या नेऊन १९९७ च्या सुमारास फ्लोरिडात सोडल्या, त्यामुळे त्यांचे आयुष्य बारकाईने अभ्यासले गेले आहे. मादी मुंगीवर घिरट्या घालते आणि निमिषार्धात झडप घालून अंडनलिकेने तिच्या छातीत अंडे सोडते. अळी पुढे सरकत डोक्यात जाते आणि तिथले द्रव व स्नायू खात राहते. मुंगी तोवर चालती-फिरती असते. अखेरीस अळीच्या स्रावाने डोके आणि धड जोडणारा पडदा सैल होतो, डोके गळून पडते, आणि त्या रिकाम्या डोक्याच्या कवटीतच अळी कोशावस्थेत जाते. पुढे काही आठवड्यांनी मुंगीच्या तोंडाच्या जागेतून नवी माशी बाहेर पडते.

म्हणजे माशीचा आकार मुंगीच्या डोक्यात मावेल एवढाच असावा लागतो. आपण फार लहान आहोत म्हणून आपल्याला कोणी परजीवी लागणार नाही, ही सोय दोन मिलिमीटरच्या मुंगीलाही मिळू नये, असा ०.४ मिलिमीटरच्या माशीचा अर्थ ब्राऊन यांनी लावला होता. तुमच्या फांदीवरच्या घरट्यापाशी भर दुपारी बसून मुंग्या अकारण थबकतात का, डोके खाली करून ताठ होतात का, हे पाहा. माशी दिसणार नाही. मुंगीच्या वागण्यावरून ती आल्याचे कळते.

ओंबील

पाहीन. आणि समजा काही मिळालेच, तर ते वर्णन करून बाहेरच्या देशात नमुना पाठवता येईल का?

पंखदोन

परस्पर नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार नव्याने शोधलेल्या जातीची माहिती त्यासाठी नेमलेल्या संस्थेला कळवावी लागते आणि नमुना तिच्याकडे जमा करावा लागतो. प्राण्यांच्या बाबतीत अशी मोठी संस्था म्हणजे झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया. मुख्यालय कोलकात्याला, आणि पश्चिम विभागाचे केंद्र पुण्यात आकुर्डीला. संरक्षित जंगलात सापळा लावायचा असेल तर वनखात्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. स्वतःच्या परसातल्या घरट्याचे निरीक्षण करायला मात्र वेळाखेरीज काही लागत नाही.

जाता जाता एक आठवण. भारतातल्या माश्यांवर ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्यांनी खंड लिहिले, ते एनरिको ब्रुनेट्टी पेशाने वादक होते.

चौकसबाई

माशीपेक्षा लहान कीटक असतात का, की ही हद्द झाली?

षष्ठी_तत्पुरुष

हद्द अजून खाली आहे. अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये मिळालेल्या डायकोपोमॉर्फा एक्मेप्टेरिजिस या गांधीलमाशीचा नर ०.१३९ मिलिमीटर असतो. त्याला पंख नाहीत आणि डोळेही नाहीत. तिचे वर्णन १९९७ साली झाले. मेगाफ्रॅग्मा वंशातल्या दुसऱ्या एका चिमुकल्या गांधीलमाशीच्या बहुतेक चेतापेशींमध्ये केंद्रकच नसते. डोक्यात जागा नाही म्हणून सामान टाकून दिल्यासारखे.

टेकडीवरचा

पंखदोन, धागा वर्णनाबद्दल होता आणि त्यातला हाताने करायचा भाग मात्र अजून आलेला नाही. ०.४ मिलिमीटरची वस्तू धरतात कशी आणि काचपट्टीवर ठेवतात कशी?

पंखदोन

आधी माशी अल्कोहोलमधून शुद्ध अल्कोहोलमध्ये, मग लवंगेच्या तेलात घेतात. तेलाने ती हळूहळू पारदर्शक होते आणि आतले स्नायू धूसर होऊन बाहेरचे केस स्पष्ट दिसू लागतात. लवंगेच्या तेलामुळे आमच्या खोलीला कायम दातांच्या दवाखान्याचा वास येत असे. मग त्याच तेलात माशीचे भाग वेगळे करायचे: एक पंख, डोके, पाय, पोट. काचपट्टीवर कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेचे चार छोटे थेंब, प्रत्येक थेंबात एक भाग, आणि वर कागदाच्या कपट्याएवढी कव्हर स्लिप. पंख उलटा पडला तर पुन्हा उचलता येत नाही, कारण बाल्सम तोवर घट्ट व्हायला लागलेला असतो. त्यानंतर पट्टी कित्येक दिवस उबेत आडवी ठेवायची.

मी एकदा सुकवलेला नमुना उघड्या कागदावर ठेवून शेजारच्या टेबलावरून पेन्सिल आणायला उठलो, आणि तेवढ्यात कोणीतरी छताचा पंखा सुरू केला. ती माशी नवी होती की जुनी हे आता कोणालाच कळणार नाही. तेव्हापासून त्या खोलीतल्या पंख्याच्या बटणावर मी चिकटपट्टी लावून ठेवली होती.

धरण्याबद्दल. चिमटा चालत नाही, त्याने ती चिरडते. सर्वांत बारीक टाचणीही या आकाराला पहारीसारखी वाटते. म्हणून दात कोरायच्या काडीच्या टोकाला पापणीचा एक केस चिकटवायचा. त्याचे टोक निमुळते, लवचीक आणि पुरेसे बारीक असते.

चौकसबाई

पापणीचा केस कोणाचा?

पंखदोन

ज्याची पट्टी, त्याचा. माझ्या उजव्या डोळ्याच्या पापणीत त्या वर्षी बरीच पोकळी पडली होती.